फिल्टर बंद केल्यावर

"कानातला फिल्टर बंद करा, तरच ऐकू येईल," विश्रामच्या घराखालच्या गॅरेजमध्ये आलेली मेकॅनिक रेवती म्हणाली.

विश्रामने कित्येक वर्षांनी तो बंद केला. नकोसे आवाज गाळून टाकणाऱ्या त्या यंत्राची अख्ख्या शहराला सवय झाली होती. त्याची जुनी लाल स्पोर्ट्स कार चक्क खडखडत होती! रेवतीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ त्याच्या कानाला लावली.

"टकटक ऐकलीत? झडपा उघडणारे टॅपेट सैल झालेत."

"आणि मधूनच हा खरखरीत आवाज कसला?" त्याला भारी कुतूहल वाटलं.

रेवतीने इंजिन बंद केलं. खरखर थांबली नाही. ती वरच्या मजल्यावरून येत होती.

"तुमचे वडील खोकतायत," ती म्हणाली. "मी आल्यापासून ऐकतेय. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."