हातभर खोल

धातू शोधायच्या यंत्राची नवी कॉइल जेवणाच्या ताटाएवढी होती. वायरमनने ती दांड्याला बसवली, नट आवळला आणि यंत्र उचललं तेव्हाच त्याला कळलं की हे काम कोपराला जड जाणार. जुनी कॉइल बशीएवढी होती. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं तो तीच घेऊन मैदानं पालथी घालत होता. कुणाची किल्ली, कुणाचं कानातलं शोधून द्यायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं. मोठी कॉइल बारीकसारीक सोडते, पण खोलवरचं पकडते, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

खरंखोटं करायला घरचं अंगण बरं. त्याने नळाची पितळी तोटी दीड वीत खोल पुरली आणि वर पायाने माती दाबली. जुनी कॉइल वरून फिरवली, तर हूं नाही की चूं नाही. मोठी फिरवली तसा कानातल्या हेडफोनमध्ये बारीक, स्वच्छ सूर वाजला. स्वारी खूश झाली.

मग सवयीने तो भिंतीकडे सरकला. कपडे वाळत घालायच्या तारेखाली यंत्र एकदम घुमलं. आवाज जाड होता आणि हटता हटेना. या जागेवरून जुनी कॉइल घेऊन तो वीस वेळा तरी गेला असेल. स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली की पाइप असेल, उगाच फोडून ठेवाल. पाइप पलीकडून गेला होता. तो त्यानेच टाकला होता. त्याने कुदळ घेतली.

वरचा थर भरावाचा निघाला. पाणी साचतं म्हणून आई गेल्यावर त्यानेच दोन गाड्या मुरूम टाकून घेतला होता. त्याखाली जुनी काळी माती लागली आणि हातभर खोलीवर पावडरचा गंजलेला डबा. डब्याला लोकर गुंडाळलेली होती, कुजून काळी पडलेली. झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटावं लागलं. आत चार सोन्याच्या बांगड्या होत्या, दोन चमचे होते आणि गोळ्यांचं अर्धं पाकीट.

बायकोने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"या तर आईंच्या विसरण्यावरच्या गोळ्या," ती म्हणाली आणि आत गेली.

नऊ वर्षांपूर्वी आईच्या या बांगड्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा तिची दोन महिने सेवा करून धाकटी बहीण सासरी परत निघाली होती. सगळ्यांच्या देखत त्याने तिला बॅग उघडायला लावली होती. चेन बायकोने ओढली होती. धाकटीने एकेक कपडा काढून पलंगावर ठेवला, आतलेसुद्धा. काही निघालं नाही, तेव्हा तो म्हणाला होता की मग आधीच पोहोचवल्या असतील. तिने सगळे कपडे पुन्हा घड्या घालून भरले. त्यानंतर तिने या घराचा उंबरा ओलांडला नाही. आई गेली तेव्हाही ती रस्त्यावरच उभी राहिली आणि तिथूनच परतली.

त्याने हात धुतले आणि तिला फोन लावला. डबा, लोकर, गोळ्या, सगळं सांगितलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "उद्याच बांगड्या घेऊन येतो."

"बांगड्या नकोत मला, दादा. आई विसरायला लागलीय, तिनेच कुठेतरी ठेवल्या असतील, हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. बहिणीचं नाही पटलं. आता मशीन बोललं, तेव्हा पटलं."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक कर. त्या दिवशी खोलीत जेवढी माणसं होती, त्या सगळ्यांना सांग. प्रत्येकाच्या घरी जाऊन, स्वतःच्या तोंडाने. मग मला फोन कर."

फोन ठेवून तो पायरीवर बसला आणि बोटांवर माणसं मोजू लागला. आई गेली. आत्या तिच्या पाठोपाठ वर्षभरात गेली. शेजारीण मुलाकडे राहायला गेली, तिचा पत्ता कुणाकडेच नव्हता. बायकोला आता कळलंच होतं. आत भांडी जरा जोरात वाजत होती. राहता राहिले मामा. दोन गल्ल्या सोडून राहायचे, वय शहाऐंशी, कान पार गेलेले.

तो तसाच मातीच्या कपड्यांनी निघाला. मामा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्याने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकू आलं नव्हतं. तो पुन्हा ओरडला. समोरच्या घरातल्या बाईने पडदा बाजूला करून पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने घसा ताणला.

"आईच्या बांगड्या सापडल्या, मामा. धाकटीने घेतल्या नव्हत्या."

मामा त्याच्या ओठांकडे बघत होते. शेवटी त्याने खिशातून एक बांगडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, अंगठ्याने माती पुसली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं," मामा म्हणाले. "उशिरा का होईना, परत केल्या पोरीने."