टवक्यातला रंग

"अकरा नंबर?" सासऱ्यांनी विचारलं.

सुनेने भिंगातून डबा न्याहाळला. मग मान वर करून त्यांचा चेहरा न्याहाळला. कपाळावर आठी नव्हती.

"अस्सल," ती म्हणाली आणि फॉर्मवर खूण केली.

जेवणाच्या टेबलावर खेळण्यातल्या आगगाडीचे बारा डबे ओळीने उभे होते. सगळे ओतीव धातूचे, सत्तर वर्षांपूर्वीचे. चार वाजता संग्रहालयाची बाई ते न्यायला येणार होती. त्याआधी प्रत्येक डब्यापुढे अस्सल की नक्कल ते लिहायचं आणि खाली परीक्षकाने सही करायची. परीक्षक म्हणजे सासरेच. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला आणि असे डबे जमवून पारखलेला हा माणूस. त्यांनी अस्सल म्हटलेला डबा आजवर कोणी परत आणून दिला नव्हता, आणि ही गोष्ट इतर कोणापेक्षा तेच जास्त सांगत. पण वर्षभरापूर्वी डोळ्यांनी संप पुकारला. समोर कोणी बसलं की धुरकट ठिपका तेवढा दिसायचा. तेव्हापासून भिंग सुनेकडे आलं होतं. ती रंगाच्या दुकानात छटा मिसळून द्यायची. इतरांना जो नुसता पांढरा दिसे, त्यात तिला चौदा पांढरे दिसत.

"आता आमचा बारावा," सासरे म्हणाले आणि खुर्चीत सरसावून बसले.

बारावा म्हणजे हिरवा, गार्डचा डबा. तो त्यांनी तेवीस वर्षांपूर्वी मनगटावरचं घड्याळ उतरवून त्याच्या बदल्यात घेतला होता. ही कथा घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होती.

"त्याचं काय बघायचंय म्हणा. पायरीचा टवका बघ. कोणा पोराने खेळून खेळून उडवलेला. नक्कल करणारा असा टवका आणणार कुठून?"

सुनेने पायरी भिंगाखाली धरली. टवका होता. आणि टवक्याच्या आतही हिरवा रंग होता.

तिने डबा खिडकीजवळ नेला, उजेडात तिरका केला. बाहेरचा हिरवा आणि आतला हिरवा एकच. रंग दिल्यावर टवका उडाला असता, तर खालचा धातू उघडा पडला असता. म्हणजे टवका आधीचा, रंग नंतरचा. कोणीतरी टवका उडालेल्या अस्सल डब्याचा साचा घेतला होता. साच्यात टवकाही आला आणि वर रंग बसला.

सासरे हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते. एक खूण केली की झालं. पण हा डबा काचेमागे जाणार, खाली यांचं नाव लागणार, आणि उद्या कोणीतरी भिंग घेऊन येणारच. मग आजवरच्या शब्दाचं काय?

"बाबा, टवक्यात रंग आहे."

"कसला रंग?"

"हिरवा. बाकी डब्याला आहे तोच."

सासऱ्यांनी हात पुढे केला. अंगठ्याचं नख पायरीवर घासून पाहिलं, पुन्हा घासून पाहिलं. मग लांबी मोजायचं व्हर्नियर मागितलं, त्याच्या जबड्यात डबा नुसत्या स्पर्शाने बसवला आणि तिच्यापुढे धरला.

"वाच."

"ब्याण्णव मिलिमीटर."

"अस्सल त्र्याण्णव असतो," ते हळूच म्हणाले.

हे त्यांनीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ओतलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ डब्यापेक्षा जराशी लहान भरते.

"तुम्ही हा कधी मोजलाच नव्हता?"

"प्रेमात पडलेला माणूस मोजमाप घेतो होय?"

डबा त्यांच्या हातात तसाच होता. सुनेला वाटलं, उगाच बोलले मी.

"म्हणजे तेवीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले म्हणून विचारत फिरलो, ते याच्यासाठी?"

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. मग तेही हसले. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि डबा ओळीत होता तिथे परत ठेवला.

"लिही. नक्कल."

तिने लिहिलं.

"आता पहिल्या अकरांचं खरं सांग."

"म्हणजे?"

"उत्तर देण्याआधी दर वेळी तू वर बघत होतीस. डब्याकडे बघून बोलणाऱ्याचा आवाज टेबलावरून येतो. तुझा सरळ माझ्या तोंडावर येत होता."

सुनेचे कान तापले.

"बाराव्यालाही बघितलं होतं," ती म्हणाली.

"बघितलंस. तरी बोललीस." त्यांनी चाचपडत फॉर्म आणि पेन तिच्याकडे सरकवलं. "नवा कागद घे. आणि खाली सही तुझी. माझ्या सहीला आता दिसत नाही."

"बाबा, चारला वीस मिनिटं आहेत. ती बाई येईल."

"बसेल की. डबे सत्तर वर्षं थांबलेत, तिला अर्धा तास जड होतोय का?"

ते उठले. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्यांनी गर्रकन फिरवली आणि टेबलाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले.

"हं," ते भिंतीला म्हणाले, "एक नंबर?"