काजळडोहाची तिसरी प्रत

"ऐक गं बायो, ऐक गं साळू, काजळडोहाची काळी वाळू..."

तो आवाज असा यायचा की कॅसेटची खरखरही त्यात विरघळून जायची. मग बांगडी दोनदा टेबलावर वाजायची आणि गोष्ट सुरू व्हायची.

पर्णिकाची आई, सविता, ब्याण्णवच्या श्रावणात रत्नागिरीला वारली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. तिचे वडील, भानुदास, तिला घेऊन शारजाला परतले. त्यानंतर गावाहून येणाऱ्या कुणा ना कुणाच्या सामानातून, कुळिथाच्या पिठाशेजारी, एकेक कॅसेट येत राहिली. आधी गाणी आणि ओव्या, मग काजळडोहाच्या राणीची ती लांबलचक अद्भुतकथा. आईने आजारपणात तुझ्यासाठी भरून ठेवल्यात, आजोबा पुरवून पुरवून पाठवतात, असं भानुदासने लेकीला सांगितलं होतं.

शेवटची कॅसेट मध्येच थांबली होती. एकडोळी नावाडीण राजकन्येला डोहापलीकडे सोडते, स्वतः होडीतच उभी राहते, "आणि राजकन्येने..." बस्स. पुढे नुसती फीत फिरायची. आईचा श्वास तिथे संपला, असं पर्णिकाने मनाशी धरलं होतं.

आता ती अठरा वर्षांची होती. उद्या कॉलेजसाठी पुण्याला निघायचं होतं, आणि त्याआधी तिला एवढंच हवं होतं. आई पुढे काय म्हणाली असती?

म्हणून त्या शुक्रवारी, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर त्या कथेच्या दोन पिवळ्या पडलेल्या छापील प्रती पसरल्या होत्या. दुबईत ऊद मेथाला राहणाऱ्या दर्शनाकाकूंनी सुट्टीत पुण्याच्या रद्दीवाल्यांकडून हुडकून आणलेल्या. एक मासिकातली, मूळ कथा. दुसरी काही वर्षांनी दिवाळी अंकात आलेली. मासिकात राजकन्या डोह पोहून जाते. दिवाळी अंकात तिला गरुड उचलून नेतो, आणि साबणाच्या जाहिरातीला जागा हवी म्हणून की काय, राक्षस दोन ओळींत मरतो. नावाडीण कुठेच नव्हती.

"खलास, सोड आता," भानुदास म्हणाला. तो सकाळपासून एसीच्या रिमोटशी खेळत होता. "बॅगा भर."

"जस्ट टेन मिनिट्स, बाबा."

मावशी स्वयंपाकघरात लाडू वळत होती. कावेरी, सविताची धाकटी सख्खी बहीण. शहाण्णवमध्ये ती भानुदासची दुसरी बायको म्हणून या घरात आली. त्याच्या थोडंच आधी गळ्याचं ऑपरेशन झालेलं. सुपात रेती फिरवावी तसा आवाज उरला होता. बोलायची कमी, पदर कायम गळ्याभोवती घट्ट.

ती आली आणि कॅसेट यायच्या थांबल्या. दहा वर्षांच्या पर्णिकाने त्या दोन गोष्टींची गाठ मारून टाकली होती. एकदा जेवताना ती तोंडावर म्हणालीही होती, "तू आलीस आणि आई यायची थांबली." कावेरीने तेव्हा फक्त तिच्या ताटात भात वाढला. पर्णिकाने तिला मावशीच ठेवलं. कावेरीनेही दुसरं काही मागितलं नाही.

लाडूचा डबा घेऊन कावेरी बाहेर आली. टेबलावरच्या प्रतींकडे बघत उभी राहिली.

"नावाडीण नाही सापडली?"

"तुला काय करायचंय?"

कावेरी हात धुऊन आत गेली. कपाटाचा खालचा खण सरकल्याचा आवाज आला. परतली तेव्हा तिच्या हातात खाकी कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक होतं.

"कावेरी, नको," भानुदास हळूच म्हणाला.

"अर्धी गोष्ट घेऊन कशी जाईल पोर?"

पर्णिकाने पुस्तक जवळजवळ हिसकावलंच. आईचं पुस्तक, आणि ही बाई इतकी वर्षं दाबून बसली होती. ती काही बोलणार, तेवढ्यात पानं उलटता उलटता तिला ती दिसली. काळ्या पाण्यावर होडी, होडीत एकडोळी नावाडीण.

राग बाजूला राहिला. तिने टेप लावला आणि ओळींवरून बोट फिरवू लागली. मध्येमध्ये येणारं "बायो" सोडलं तर सगळं शब्दाला शब्द जुळत होतं. आईने वाचलं ते याच प्रतीतून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ती हसतही होती.

आवाज थांबला त्या ओळीशी केसांचा एक आकडा खोचलेला होता. इतका जुना, की कागदावर गंजाचा डाग उमटला होता. तिने पुढची ओळ वाचली. "आणि राजकन्येने मागे वळून पाहिलं नाही."

तेवढंच. ती थोडी खट्टू झाली. आई यापेक्षा मायेने सांगेल असं तिला वाटलं होतं. लेखकाने मुळात असंच लिहिलं होतं का, ते बघायला तिने पुस्तक सुरुवातीला उघडलं. प्रस्तावना होती, कुणी वाचत नाही तशी. लेखकाने लिहिलं होतं की मासिकात आणि दिवाळी अंकात नसलेली नावाडीण मला उतारवयात सुचली, ती या पुस्तकात प्रथमच येत आहे.

खाली साल होतं. १९९५.

पर्णिका त्या सालाकडे बघत राहिली. मग तिने बाबांकडे पाहिलं. भानुदासने मान खिडकीकडे वळवली.

टेपवर रिकामी फीत फिरत होती. कावेरी समोरच्या खुर्चीवर बसली. तिने गळ्याभोवतीचा पदर सैल केला. तिची बांगडी दोनदा टेबलावर वाजली.

"आणि राजकन्येने," ती त्या फुटक्या आवाजात म्हणाली, "मागे वळून पाहिलं गं, बायो."