पाठवणीचा फोटो

“हसू नको, संस्कृती. माहेर सोडून चाललीयस तू,” शिवपुत्र कॅमेऱ्यामागून ओरडला.

शेवंतीच्या रानात उभी असलेली संस्कृती गंभीर झाली. अंगावर हिरवं इरकल, कपाळाला बाशिंग, हातभर चुडा. शेजारी फेटा बांधलेला नवरदेव, तोही तिच्यासारखाच सकाळपुरता. सोलापुरातल्या एका साडीच्या दुकानाला लग्नसराईच्या जाहिरातीसाठी फोटो हवे होते. ऊन चढलं की फुलं फटफटीत दिसतात म्हणून शिवपुत्र घाई करत होता.

शरणम्मा बांधावर बसून बघत होती. कुंभारीच्या शिवारातलं हे रान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, महादेवप्पाचं. फोटोवाल्यांना तिनंच हो म्हटलं होतं. महादेवप्पा अक्कलकोटला दर्शनाला गेला होता, दुपारशिवाय परतणार नव्हता. तो घरी असता तर नवरीच्या वेशातल्या पोरीला त्यानं या रानात पाऊल टाकू दिलं नसतं.

पाणी प्यायला संस्कृती बांधावर आली. शरणम्मा तिच्याकडं बघतच राहिली.

“काय बघताय, मावशी?”

“काय न्हाय गं. लई शोभतंय तुला. आईनं बघितलंय का तुज्या, असं नटलेलं?”

“मागच्या खेपंचा फोटो बघितला की. लई रडली. म्हणाली, आता खऱ्या लग्नात रडू कुठनं आणू?”

शरणम्मा हसली. मग तिनं संस्कृतीच्या तोंडावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आपल्या लेकीसाठी तिला हे करायला मिळालं नव्हतं.

सिद्धेश्वरी तिची एकुलती एक लेक. एका पहाटे ती घरातून निघून गेली, याच रानातून, पलीकडच्या डांबरी रस्त्याला. दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिनं कचेरीत जाऊन लग्न केलं. हळद नाही, बाशिंग नाही, अक्षता नाहीत. त्या पहाटे सगळं घर झोपलेलं होतं म्हणे. तिला जाताना बघितलं असं कुणीच म्हणालं नाही; रानात उमटलेल्या पावलांवरून तेवढी वाट कळली. तेव्हापासून महादेवप्पानं लेकीचं नाव टाकलं. पाहुण्यारावळ्यांपैकी कुणी चुकून काढलंच तर तो ताटावरून उठायचा. शरणम्माला मात्र तो एकदा म्हणाला होता, “तू जागी असतीस तर गेली नसती.” त्याला बरीच वर्षं झाली. शरणम्माला पहाटेची झोप काही परत लागली नाही.

“आता शेवटचा, पाठवणीचा,” शिवपुत्रनं हाक दिली. “संस्कृती, या सरीतनं सरळ रस्त्याकडं चालत जा. मधी थांब आणि मागं वळून बघ. एकदाच, पण मनापासनं.”

संस्कृती चालत गेली. थांबली. वळली.

“अगं, बस चुकल्यासारखं काय बघतीयस? परत!”

ती परत आली, परत गेली. दर खेपेला शिवपुत्र मान हलवत होता. शेवंतीतून लांब जाणारी ती हिरवी पाठ शरणम्माला बघवेना. तिनं तोंड फिरवलं.

“सिद्धू!”

हाक सगळ्या रानावरून गेली. संस्कृती दचकून वळली. शिवपुत्रचं बोट आपसूक दाबलं गेलं. “हा! हाच पाहिजे होता!” तो ओरडला आणि मग त्यानंही मागं बघितलं.

बांधाच्या कडेला महादेवप्पा उभा होता, दुपारच्या आधीच परतलेला. प्रसादाची पिशवी त्याच्या पायाशी पडली होती. शरणम्मा धडपडत त्याच्याकडं धावली.

“अवो, ती आपली न्हाय. फोटोवाल्याची पोरगी हाय. उन्हाचं तुमास्नी नीट दिसलं नसंल...”

“दिसतंय मला.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. कुणी हाक मारली ते न कळून संस्कृती अजून तशीच फुलांत उभी होती, तोंड इकडं करून. महादेवप्पा तिच्याकडंच बघत होता.

“मग नाव कसं घेतलं तुमी?”

महादेवप्पा बांधावर खाली बसला.

“त्या पहाटं मी जागाच हुतो, शरणम्मा. कडी वाजली तसा उठलो. तिच्या मागनं हितवर आलो. ह्याच सरीतनं गेली ती. पार रस्त्याला लागंस्तवर दिसत हुती मला. मी गप उभा ऱ्हायलो आन् परत येऊन निजलो.” त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. “हाक मारली असती तर वळली असती का, एवढंच आज बघायचं हुतं.”

शरणम्माच्या ओठांवर खूप काही आलं. इतक्या वर्षांच्या सगळ्या पहाटा आल्या. ती त्याच्यावर ओरडणार होती. पण तिनं कमरेला खोचलेला मोबाइल काढला आणि नंबर दाबला. नंबर तिला पाठ होता. तो तिच्याजवळ आहे हे महादेवप्पाला ठाऊक नव्हतं.

पलीकडून “अव्वा?” असा लेकीचा आवाज आला. शरणम्मानं मोबाइल नवऱ्याच्या कानाला लावला.

“मारा की हाक आता,” ती म्हणाली.