लीड्समधला वड

अंगणातलं हॉथॉर्नचं झाड तोडलं की डॉ. अंबरीश सहस्रबुद्ध्यांचा फायदाच फायदा होता. दुसरी गाडी लावायला दारातच जागा, शेजारी चार्जिंग पॉइंट, आणि समोरच्या साकेतची नवी गाडी पाहून रोज सकाळी उठणारी पोटदुखी बंद. तोट्याच्या खात्यात फक्त बायकोचा पडलेला चेहरा. तो त्यांनी हिशेबात धरला नाही.

शशीताईंचा त्या काटेरी झाडावर जीव होता. मे महिन्यात ते पांढरंशुभ्र व्हायचं, ऑक्टोबरात लालभडक. लाल फळांची त्या जेली करत. इथली जुनी माणसं हृदयासाठी ही फळं खातात, असं त्यांनी एकदा सांगितलं, तेव्हा हृदयाचा डॉक्टर असलेला नवरा हसता हसता चहा सांडून बसला.

आज झाड फळांनी लगडलं होतं आणि झाडं तोडणारा कॉलिन करवत घेऊन हजर होता. खोडाजवळ जाऊन तो थबकला. खोडाला पांढरा दोरा गुंडाळला होता. चांगले सात फेरे.

"हे कुणाचं काम?"

"माझं." शशीताईंनी ओरखडलेले हात पदराआड, म्हणजे कार्डिगनच्या बाहीत, लपवले. "आमच्यात बायका वडाला दोरा गुंडाळून हाच नवरा सात जन्म मागतात. आता लीड्समध्ये वड कुठून आणू?"

"अगं, मला कधी बोलली नाहीस!" डॉक्टर चक्क लाजले.

कॉलिनने करवत व्हॅनमध्ये टाकली. "डॉक्टर, आमच्याकडेही ह्याच झाडाला चिंध्या बांधून नवस बोलतात. असल्या हॉथॉर्नला मी हात लावणार नाही. दुसरा कुणी बघा."

"छे, दुसरा कशाला? राहू दे झाड! गाडी लावू रस्त्यावर." आणि डॉक्टर छाती फुगवून आत गेले.

शशीताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. दोरा आज सकाळचाच होता, विणकामाच्या पिशवीतला. वटपौर्णिमा जूनमध्येच होऊन गेली होती. ती त्यांनी लग्नापासून एकदाही केली नव्हती. "एक जन्म पुरे गं बाई," असं मैत्रिणींना सांगत आल्या होत्या.

झाड फुकटात सुटलं. कॉलिनला जेलीची बाटली मिळाली, डॉक्टरांना कौतुक. सात जन्मांची पावती तेवढी शशीताईंच्या नावावर फाटली.