पहाटरान

"ताई थकलीये. आज तिला नको नेऊया," वालबुर्गा सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

"एवढ्या लांबून व्हिएन्नाला आली ती काय तुझं तोंड बघत बसायला?" इग्नाझ हसला. "माझा वॉल्ट्झ ऐकल्याशिवाय मी तिला परत जाऊ देणार नाही."

'माझा' म्हणताना त्याची जीभ नेहमीसारखीच अडखळली.

'पहाटरान' या वॉल्ट्झनं, गिरक्यांच्या नाचाच्या त्या धुनेनं, तीन वर्षांत त्याला मोठं केलं होतं. आधी बासरीतून पाखरं जागी होत, मग व्हायोलिनमधून झरा खळाळत येई आणि बघता बघता सगळं रानच गिरक्या घेऊ लागे. लोक विचारत, "वेंडलिंगरसाहेब, हे ऐकलंत तरी कुठे?" तो नुसता हसायचा. दहाच्या आत डोळा न उघडणाऱ्या माणसाला पहाट कुठली ठाऊक?

वॉल्ट्झ बायकोनं, वालबुर्गानं, आणून दिला होता. "बाईच्या नावानं कोण वाजवणार? तुमचंच नाव घाला. आणि कुणापाशी बोलू नका," असं तीच म्हणाली होती. त्यानं घातलं. तेव्हापासून टाळ्या पडल्या की त्याची मान खाली जाई. लोकांना तो विनय वाटे.

दुपारी बागेतल्या खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत वालबुर्गा, शेजारी तिची थोरली बहीण क्रेसेन्झताई. डोंगरातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात जन्म गेलेली ही बाई शहरात प्रथमच आली होती. बासरी सुरू झाली मात्र, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. गाव आठवलं असणार, इग्नाझच्या मनात आलं. त्या भाबड्या चेहऱ्यासमोर त्याला व्हायोलिन धरवेना.

शेवटचा सूर विरला, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानं हात वर केला.

"हा वॉल्ट्झ माझा नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं मी तुम्हाला फसवलं. यातला एक सूरही माझा नाही. सगळा माझ्या बायकोचा आहे. मला लाज वाटते."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, मग बाईंना उभं करा की!" आणि टाळ्यांना पुन्हा जोर चढला. इग्नाझला किती दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

वालबुर्गा उठेना. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

उठली ती क्रेसेन्झताई.

"वाली," ती हळूच म्हणाली, "माझी वही चुलीत जळाली म्हणून सांगितलं होतंस ना गं?"