तळ्यापलीकडचं उत्तर

मिनेसोटाच्या त्या जंगलात लांडगे मोजायचे म्हणजे त्यांच्यासारखंच ओरडायचं आणि उत्तराची वाट बघायची. आज उत्तर आलं नाही, तर इथं लांडगे नाहीत असं ठरून सोमवारपासून तिथं झाडतोड सुरू होणार होती.

"मार्लिस, घसा राख. तुला ओरिनची सर येणार नाही," सोबतचा डेल्बर्ट म्हणाला.

"माझा नवरा ओरडून झालं की खोकायचा," ती हसली. "तरी लांडगे फसायचे." ओरिनला जाऊन वर्ष झालं होतं.

तिनं पुन्हा ओरडून पाहिलं. तळ्यापलीकडून लांबलचक उत्तर आलं. डेल्बर्टनं घाईनं वहीत नोंद केली.

मग तिकडून कुणीतरी खोकलं.

"खोडू का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"थांब," मार्लिस म्हणाली. त्या खोकल्याला आता चहूबाजूंनी लांडग्यांची पिल्लं ओ देत होती.